चौसष्ट बिटवाले काका

पुण्याजवळच्या खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी सुरू झाली आणि अंधार पडेपर्यंत तिचा निकालही लागला. चौसष्ट बिटवाले काकांची त्याच खडकीतली लढाई मात्र बरीच वर्षं चालू आहे. शत्रू त्यांच्याच हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या टेबलावर बसलेला असतो आणि रोज सकाळी काका स्वतःच त्याचं बटण दाबतात.

हे काका एकटे नाहीत. खडकी बाजार, रेंजहिल्स, बोपोडी असा फेरा मारा, दर दोन-तीन इमारतींमागे एक सापडेल. ओळखायची खूण सोपी: शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेनड्राइव्ह, आणि कुणाचाही कॉम्प्युटर दिसला की पहिला प्रश्न, "बत्तीस की चौसष्ट?"

खडकीत हे पीक जोमाने येतं, त्याला कारण आहे. इथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. जिथे अख्खा रणगाडा मोकळा करून पुन्हा उभा करतात, त्या गावात निवृत्त झालेला माणूस चालू कॉम्प्युटर नुसता चालू कसा ठेवील?

काकांच्या घरी विंडोज एक्सपी होतं आणि ते उत्तम चाललं होतं. हाच त्याचा गुन्हा. मग कुणीतरी कानावर घातलं की बत्तीस बिटच्या विंडोजला चार जीबीपलीकडची रॅम दिसत नाही. काकांनी कागदावर हिशोब केला: दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्यापुढच्या मेमरीला द्यायला पत्ताच उरत नाही. हा आकडा ते भाजीवाल्यालाही न अडखळता ऐकवतात. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र काकूंना विचारतात. त्या वेळी घरच्या मशीनमध्ये रॅम होती दोन जीबी, म्हणजे अडचण अशी काहीच नव्हती. पण प्रश्न तत्त्वाचा होता. काकांनी पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन आणखी रॅम आणली आणि अडचण रीतसर निर्माण केली.

बत्तीसवर चौसष्ट नुसतं वरून चढवता येत नाही. विंडोज नव्याने, कोऱ्या पाटीवर टाकावं लागतं. सामान्य माणूस इथे थांबतो. काकांचा उत्साह इथून सुरू होतो. "फॉरमॅट मारावा लागेल," हे म्हणताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

फॉरमॅट मारला त्या शनिवारी काकूंची भिशी होती.

"अहो, यादी तेवढी काढून द्या. पाचला बायका येतील."

"प्रिंटर चालू आहे गं, पण बोलत नाही. त्याचा ड्रायव्हर बत्तीस बिटचा. चौसष्टमध्ये तो चालत नाही आणि कंपनीने नवा काढलेला नाही."

"मग नुसती उघडून दाखवा. मी हाताने उतरवते."

यादी उघडली. ती युनिकोडच्या आधीच्या, जुन्या मराठी फॉन्टमधली. तो फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेलेला. पडद्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, दोन-चार टोप्या आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यातली मी कुठली?"

काका म्हणाले, "डेटा सेफ आहे."

पराभवातूनही ज्ञान काढायचं, हा या जातीचा स्वभाव. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टम बत्तीस' नावाच्या फोल्डरात चौसष्टचा माल असतो आणि बत्तीसचा माल असतो तो 'सिसवाव चौसष्ट' नावाच्या फोल्डरात. जुन्या प्रोग्रामांना पहिलं नाव पाठ, म्हणून ते बदललं नाही. काकांनी हे रहस्य मोठ्या कौतुकाने काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "माझ्या फळीवर चहाच्या डब्यात जिरं असतं. त्याला मी आर्किटेक्चर म्हणत नाही."

पुढे काळाने काकांची बाजू घेतली. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला. उबंटू लिनक्सने २०१७ मध्ये डेस्कटॉपसाठी बत्तीसची इन्स्टॉलर फाइल देणं बंद केलं. २०२१ मध्ये विंडोज अकरा आलं ते फक्त चौसष्टमध्ये. काका इतकी वर्षं सांगत होते ते जगाने मान्य केलं. दुसरा कुणी असता तर आता सुखाने पत्ते खेळत बसला असता. काकांना मात्र करमेना. सगळेच चौसष्टवर आले, तर चौसष्टवर राहण्यात अर्थ काय?

म्हणून मग एआरएम प्रोसेसर. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर घरी आला आणि काकांनी जाहीर केलं की इंटेल आणि एएमडी या घरातून हद्दपार. इथे तर प्रोसेसरची भाषाच वेगळी. विंडोजमधला काकूंचा जुना हिशोबाचा प्रोग्राम त्याच्यावर उघडणार कसा? काकूंनी तक्रार करताच काका म्हणाले, "अगं, ॲपलने १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा प्रोसेसरची जात बदलली. त्यांच्याकडे कुणी बोललं का?" काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे शनिवारी भिशी नसते."

१ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाच्या पंखाखाली गेला. कॉलनीत पेन्शनपासून क्वार्टरपर्यंत चर्चेला ऊत आला. काकांनी एका वाक्यात निकाल दिला: "हार्डवेअर तेच, ओएस नवी." ड्रायव्हर जुळले का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही, कारण काका लगेच पेनड्राइव्ह काढतात.

सध्या त्यांची नजर रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या घराण्यावर आहे. सी-डॅकचा वेगा आणि मद्रास आयआयटीचा शक्ती हे प्रोसेसर त्याच घराण्यातले. "स्वदेशी आहे," असं ते काकूंना अधूनमधून ऐकवतात. खर्चाची मंजुरी अशीच वातावरणनिर्मितीने मिळते.

खरं सांगायचं तर या माणसाला कॉम्प्युटरवर काहीच काम नसतं. पत्र लिहायचं नसतं, हिशोब ठेवायचा नसतो. त्याला फक्त हलायचं असतं. पोचल्यावर तिथे राहण्यात रस नसतो. मशीन नीट चालू लागलं, तर तो दुसऱ्यांदा निवृत्त होईल, आणि ते त्याला परवडणारं नाही.

तरी त्याला नुसतं हसून सोडता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला. अकराच्या अटींत न बसणारी धडधाकट मशिनं घरोघर भंगारात काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. ती उचलून आणून, लिनक्स टाकून, शेजारच्या पोरांना अभ्यासाला देणारा माणूस कॉलनीत हाच. तेव्हा तुमच्या इमारतीत असे काका असतील तर त्यांना जरूर बोलवा, चहाही द्या. फक्त ते बायोसमध्ये शिरायच्या आत घरचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि भिशीची यादी वहीत ठेवा.