कुठला अमिताभ?

जाहिरातीतली नटी तो साबण लावत नाही, हे आमच्या घरात सर्वांत आधी आजीने ओळखलं होतं. ‘‘ती कशाला लावतेय मेली हा साबण!’’ असं म्हणायची आणि वाण्याच्या यादीत पुन्हा तोच साबण लिहायला सांगायची. गुन्हा उघडकीला आलेला, आरोपी ओळखलेला, आणि फिर्यादीची मात्र काहीच तक्रार नाही. जाहिरातवाले आपल्याला फसवतात असं म्हणणाऱ्यांनी हा खटला एकदा चालवून दाखवावा.

तारकांनी साबण विकायच्या या धंद्यात पहिलं पाऊल मराठीच पडलं, याचा अभिमान बाळगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. 1941 साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाची ती पहिली भारतीय तारका. बाई पदवीधर, बॉम्बे टॉकीजच्या नायिका, ‘कंगन’ आणि ‘बंधन’मुळे घराघरांत पोचलेल्या. मात्र दहाच वर्षांत, 1951च्या ‘आवारा’त, चित्रसृष्टीने त्यांना राज कपूरची आई करून टाकलं. साबण तेवढा तरुण राहिला. पिढ्यान्‌पिढ्या नायिका आल्या, फेसात हसल्या आणि पडद्यावर आया होऊन गेल्या. 2005 मध्ये तर खुद्द शाहरुख खान गुलाबपाकळ्यांच्या टबात उतरला आणि भोवती हेमामालिनी, श्रीदेवी, जुही चावला, करीना कपूर. त्या टबातल्या माणसाची कातडी साबणाने तुकतुकीत झाली असं देशात कुणालाही वाटलं नाही. पण जाहिरात सगळ्यांनी पाहिली.

हे असं का होतं, याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि 1983 साली प्रसिद्ध झाला. पेटी, कॅसिओपो आणि शूमन या तिघा संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाढीच्या रेझरच्या जाहिराती दाखवल्या. काही जाहिरातींत नामांकित खेळाडू होते, काहींत साधी माणसं. ज्यांना नंतर खरोखरच एक रेझर निवडायला मिळणार होता, त्यांचं मत रेझरच्या गुणांबद्दल काय लिहिलंय त्यावरून बनलं. खेळाडूच्या थोबाडाचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. ज्यांना रेझरशी देणंघेणं नव्हतं, ते चेहऱ्यावर भाळले. शोध मोठा आहे, पण आमच्या आजीने तो फुकट सांगितला असता. तूरडाळ घेताना ती दाणा दाताखाली धरून बघायची. डाळीला नटी लागत नाही. साबणाच्या वडीला लागते, कारण दोन वड्यांत डावं-उजवं करायला आपल्यापाशी दुसरं काही नसतं आणि तेवढं डोकं चालवायची इच्छाही नसते.

खरी अडचण सुरू होते ती एकाच ताऱ्याने सगळं आकाश व्यापलं की. आमच्या डोंबिवलीच्या वाण्याकडे एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘शेठ, ते अमिताभचं द्या ना.’’ शेठ पुडी बांधता बांधता थांबला. ‘‘काकू, कुठला अमिताभ? डोक्याचा की पोटाचा?’’ प्रश्न रास्त होता. डोकं थंड ठेवणारं तेल त्यांचं, च्यवनप्राश त्यांचा, शाई न सांडणारं पेन त्यांचं, सुटाचं कापड त्यांचं, दागिने त्यांचे, चॉकलेट त्यांचं. आणि एवढं करून थकवा आला तर गुजरातला फिरायला या, असंही तेच सांगत होते. काकूंना हवं असलेलं तेल शेवटी सापडलं, पण ते बाटलीच्या रंगावरून. कंपनीचं नाव दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. कोट्यवधी रुपये मोजून त्या कंपनीने अमिताभची जाहिरात केली होती.

याउलट काही जोड्या अशा जमतात की दोघांना वेगळं करता येत नाही. झाकीर हुसेन आणि ताजमहाल चहा ही तशी जोडी. त्यांच्या बोटांमागचा रियाज दिसायचा आणि हा माणूस चहाच्या बाबतीतही चालढकल करत नसणार असं उगाच वाटून जायचं. ब्रिलक्रीम लावणाऱ्या क्रिकेटपटू फारूख इंजिनियरच्या डोक्यावर निदान केस तरी भरघोस होते. दिनेश सुटिंगच्या जाहिरातीत सुनील गावसकर असायचे. सूट घालून कुणी वेस्ट इंडीजच्या माऱ्याला तोंड देत नाही, हे मान्य. पण लग्नाचं कापड फाडून घेणाऱ्या नवरदेवाला ‘हे टिकून राहील’ एवढा दिलासा पुरायचा.

आणि तारा नसला तरी चालतं, फक्त मनाच्या नेमक्या जागी बोट ठेवता आलं पाहिजे. कर्सनभाई पटेलांच्या स्वस्त निरमाने सर्फच्या तोंडाला फेस आणला, तेव्हा सर्फने नटी नाही आणली, ललिताजी आणली. निळ्या किनारीची साडी, कपाळाला कुंकू, भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी. जाहिरातकार ॲलेक पदमसींनी ती आपल्या आईवरून बेतली होती. कविता चौधरींनी ती अशा ठसक्यात उभी केली की महाग पावडर घेणं ही उधळपट्टी न राहता हुशारी ठरली. माझ्या मते भारतीय जाहिरातीतली ही सर्वांत चलाख कामगिरी. बाईला ‘सुंदर दिसशील’ असं सांगणारे पुष्कळ होते. ‘तुला व्यवहार कळतो’ असं सांगणारं त्या काळात फार कुणी नव्हतं.

मोती साबणाची गोष्ट तर आणखी जवळची. नरक चतुर्दशीला पहाटे बिऱ्हाडाबिऱ्हाडांची दारं ठोठावणारे ते अलार्म काका, म्हणजे विद्याधर करमरकर. त्यांना आधी कुणी तारा म्हणत नव्हतं, जाहिरातीनंतर त्यांना सगळे ओळखू लागले. आता खरं बोलायचं तर आमच्या सोसायटीत शेजाऱ्याने पहाटे पाचला दार वाजवलं, तर आम्ही सहा वाजायच्या आत ग्रुपवर तक्रार टाकू. पण टीव्हीतल्या काकांना बघून घसा दाटून येतो, आणि वर्षभर लिक्विड सोपने आंघोळ करणारी मुलं दिवाळीला ती जाडजूड गोल वडी मागतात. विकत आपण साबण घेतो, पैसे मात्र चाळीतल्या पहाटेचे देतो. महाग सौदा नाही. विम्याच्या जाहिरातींत बापाच्या फोटोला हार घालून जे धंदा करतात, त्यांच्यापेक्षा काका कितीतरी सभ्य.

ताऱ्याची खरी किंमत वस्तू अडचणीत आली की कळते. ऑक्टोबर 2003 मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्या, अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर खप कोसळला. कंपनीने वेष्टन बदललं, जास्त बंदिस्त केलं. काम खरं तर त्याने झालं असणार. पण वेष्टनाच्या थरांविषयी कोण ऐकून घेतो? 2004च्या सुरुवातीला अमिताभ आले, त्यांनी सांगितलं, आणि लोकांनी पुन्हा चॉकलेटं घेतली. हाच आवाज पोलिओच्या डोसासाठी आधी गोडीने वापरला गेला. मग बच्चन पडद्यावर चक्क रागावले, आणि आया पोरांना काखोटीला मारून बूथवर निघाल्या. घरोघर हिंडणाऱ्या लाखो स्वयंसेवकांचं श्रेय त्यांना देता येणार नाही, पण दार उघडायला त्यांचा आवाज उपयोगी पडला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

म्हणून प्रसिद्ध माणसांनी जाहिराती करूच नयेत, हे सोवळं मला पटत नाही. पुलेला गोपीचंदने 2001 मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली. त्याला माझा दंडवत, पण सगळ्यांना ते झेपणारं नाही. झेपावं अशी अपेक्षा पानमसाल्याच्या बाबतीत मात्र आहे. तिथे वेलची विकली जाते, एका वेलचीसाठी तीन-तीन महानायक गाडीतून उतरतात, आणि वेलची म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 2021 मध्ये अमिताभनी असा एक करार सोडून पैसे परत केले. पुढच्याच वर्षी अक्षयकुमारने लोकांची माफी मागून दुसऱ्या एकातून अंग काढून घेतलं. बाकीचे अजून वेलची चघळताहेत.

कायदाही आता जागा झाला आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करण्यावर वर्षाची बंदी. जून 2022च्या नियमांप्रमाणे वस्तूची पुरेशी माहिती किंवा स्वतःचा अनुभव असल्याशिवाय तिची भलामण करता येत नाही. म्हणजे कागदोपत्री तरी आता साबण लावून बघायला हवा.

पण साबण वाईट निघाला तर आपण पुढच्या महिन्यात बदलतो. घर बदलता येत नाही. आम्रपाली समूहाच्या रखडलेल्या घरांतल्या लोकांनी 2016 मध्ये समाजमाध्यमांवर महेंद्रसिंग धोनीच्या नावाने टाहो फोडला, तेव्हा त्याने त्या समूहाच्या जाहिरातदूताचं पद सोडलं. हप्ते भरणाऱ्यांना तसं सोडून जायची सोय नव्हती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अर्धवट प्रकल्प पूर्ण करण्याचं काम सरकारी कंपनीवर सोपवलं. आयुष्यभराची पुंजी ओतताना दाणा दाताखाली धरून बघायचा, हे तिथे नेमकं विसरलं गेलं. समोर षटकार मारणारा माणूस होता ना!

महाराष्ट्रात आता गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा या नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. रविवारच्या पेपरात पानभर तारका सोफ्यावर रेललेली असेल, कोपऱ्यात तिकिटाएवढी ती काळी-पांढरी चौकट असेल. तारकेकडे खुशाल बघा. मग मोबाईल त्या चौकटीवर धरा आणि ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय ते वाचा.