सेकंडमधला डोंगर

माझी एकतीस वर्षं भोकं शोधण्यात गेली. लोक हसतात, पण पगार त्याचाच होता. सुरतजवळच्या पलसाण्यात डाइंग-प्रिंटिंगच्या ढीगभर मिला आहेत. त्यातल्या एकीत मी फोल्डिंग खात्यात चेकर होतो. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाईट आणि वरून सरसर सरकणारं कापड. कापडात भोक असेल तर तिथून उजेड टचकन डोळ्यांत येतो. आला की खडूनं गोल मारायचा आणि ताका बाजूला टाकायचा. निर्दोष माल तो फ्रेश. भोक, डाग, तुटका धागा निघाला की सेकंड. तुकडाच पडला तर फेंट. पुढेपुढे मी माणसंही याच तीन ढिगांत टाकू लागलो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. मी स्वतः कुठल्या ढिगात, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

अशा माणसाला पोटच्या पोरानं विमानात कोंबून, अर्धी पृथ्वी ओलांडून न्यावं आणि डोंगराला पडलेली भोकं दाखवावीत, याला नशीब म्हणायचं की ओव्हरटाइम?

चिरंजीव सॉल्ट लेक सिटीत असतात. आम्ही जाऊन आठवडा झाला असेल, झोपेची वेळ अजून पलसाण्याचीच चालू होती, तेवढ्यात त्यानं जाहीर केलं, "नाना, शनिवारी आर्चेसला जाऊ. काही नाही, इझी हाइक आहे. फॅमिली हाइक. लहान मुलं करतात."

चिरंजीवांनी आयुष्यात 'सोपा होता' म्हटलेल्या सगळ्या पेपरांचे निकाल मी पाहिलेले आहेत. त्यामुळे मी गप्प राहिलो. हिनं मात्र मुद्द्याचं विचारलं.

"वर देऊळ आहे का?"

"नाही गं आई."

"मग चढायचं कशाला?"

यावर सूनबाई म्हणाली की आई, तिथं आत हॉटेल नाही, कॅन्टीन नाही, पाण्याशिवाय काहीच मिळत नाही. हे ऐकलं आणि हिचा चेहरा उजळला. रात्री दोन वाजेपर्यंत थेपले लाटणं चालू होतं. (ही जन्मानं अमळनेरकडची, पण इतकी वर्षं पलसाण्यात काढल्यावर प्रवास म्हणजे थेपले हे तिच्याही अंगात भिनलं आहे.) लसणाची चटणी भारतातून आणलेलीच होती. विमानतळावर त्या पुडीनं दहा मिनिटं खाल्ली होती, पण तो वेगळा विषय आहे.

सॉल्ट लेकहून मोॲब हे गाव पावणेचारशे किलोमीटर. चार तासांत एकदाही कोणी हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे मला झोपही धड लागली नाही. मोॲबच्या वेशीवरच हा आर्चेस नॅशनल पार्क. आत जायला मुलानं तासाचा स्लॉट आधीच नोंदवून ठेवला होता, तिरुपतीच्या दर्शनासारखा. गेटवर नातवाला एक पुस्तिका मिळाली. ती पूर्ण भरली, शपथ घेतली की ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळतो. पोरगं आठ वर्षांचं. त्या क्षणापासून आम्ही चौघं त्याच्या हुकमतीखाली आलो.

पहिला हुकूम मातीचा. वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत पापुद्र्यासारखी माती दिसते. ती म्हणे जिवंत आहे. तिच्यात सूक्ष्म जीव असतात, तेच वाळू धरून ठेवतात. एक पाऊल पडलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मी फोटोसाठी जरा कडेला सरकलो तर नातू ओरडला, "आबा! यू आर किलिंग इट!" आजूबाजूचे चार गोरे वळून पाहू लागले. पलसाण्यात मी शेतात पाय ठेवला म्हणून आजवर फक्त शेताचा मालक ओरडलेला आहे.

दुसरी गोष्ट त्यानं पुस्तिकेतून वाचून दाखवली, आणि तिथं मात्र माझे कान टवकारले. या पार्कात दोन हजारांहून जास्त आर्च आहेत, मोजलेले. आणि आर्च कशाला म्हणायचं? तर भोक निदान एका बाजूनं तीन फूट भरलं पाहिजे. त्याहून कमी भरलं तर नुसतं भोक.

तीन फूट! मी करंगळीएवढ्या भोकासाठी ताके फिरवले आहेत. व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. इथं भोक लहान आहे म्हणून माल नापास.

"भोक काय म्हणता सारखं," ही म्हणाली. "तोरण म्हणावं."

मला पटलं नाही, पण शब्दाला आधार आहे. तिरुमलाला देवळापासून किलोमीटरभरावर खडकाची अशीच नैसर्गिक कमान आहे, आठ मीटर रुंद, तीन मीटर उंच. तिचं नावच शिलातोरणम्. आम्ही तीनदा बालाजीला गेलो आणि तिन्ही वेळा लाडवाच्या रांगेमुळे ते राहिलं. आपल्या जुन्नर तालुक्यातसुद्धा आणे घाटात गुळुंचवाडीला ओढ्यावर निसर्गानं बांधलेला दगडी पूल आहे. तो कल्याण-नगर रस्त्याच्या अगदी जवळ आहे. त्या रस्त्यानं मी दोनदा लग्नाला गेलो आहे, आणि दोन्ही वेळा मुहूर्त गाठायचा म्हणून गाडी थांबवली नव्हती. आपल्याकडे अशा गोष्टी वाटेवरच असतात. म्हणूनच राहून जातात. पाहायच्या तर सीमा ओलांडून, डॉलर मोजून पाहाव्या लागतात.

पण आपला सह्याद्री काळा. इथला डोंगर लाल. लाल म्हणजे कसला लाल, यावर गाडीत वाद झाला. सूनबाई म्हणाली ऑरेंज. मुलगा म्हणाला रेड. मी काच खाली करून नीट पाहिलं आणि निकाल दिला: रस्ट. सुरतच्या मार्केटात साडीचे शेड असतात ना, गाजरी, रानी, रामा, मरून, त्यातला रस्ट. आणि गंमत अशी की पुढं एका पाटीवर तेच लिहिलेलं निघालं. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढला आहे, म्हणून हा रंग. म्हणजे अक्षरशः रस्ट. आयुष्यात प्रथमच शेडकार्डातलं नाव मालाशी जुळलं. मात्र लॉट एकसारखा नाही. एक कडा गाजरी, दुसरी फिकी, तिसरीवर वरून खाली काळे ओघळ. आमच्या डाइंग मास्तरनं असा लॉट पाहिला असता तर रात्रपाळीच्या सगळ्यांना घरी पाठवलं असतं.

हे सगळं झालं कसं, ते मुलानं गाडी चालवता चालवता सांगितलं. मला समजलं ते असं. इथं तीस कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. तो आटून मिठाचा जाड थर राहिला. त्यावर वाळूचे थर बसले, वाळूचा दगड झाला. पण मीठ काही दगडासारखं भरवशाचं नाही. वरून वजन पडलं की ते खालच्या खाली सरकतं, कुठं फुगतं, कुठं बसतं. वरचा दगड त्यामुळे तडकला. तडे रुंदावत गेले आणि मध्ये उभ्या पातळ भिंती उरल्या. मग पावसाचं पाणी त्यांच्यात मुरतं, कणांना धरून ठेवणारा सांधा विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि पापुद्रे गळत राहतात. भिंत मधून गळाली की आर्च. थोडक्यात, घडीवर घडी ठेवलेल्या गाठोड्याला खालून ओल लागली. गोदामात आम्ही याला नुकसान म्हणायचो आणि विम्याच्या माणसाला फोन करायचो. इथं १९२९ साली सरकारनं त्याला राष्ट्रीय स्मारक केलं आणि १९७१ मध्ये नॅशनल पार्क.

वाटेत बॅलन्स्ड रॉक लागला. बारीक मानेवर साडेतीन हजार टनांचा दगड ठेवलेला. सगळे त्याच्या बुडाशी चक्कर मारायला गेले. ही गाडीतच बसली. "पडला तर?" मुलगा म्हणाला, आई, हजारो वर्षं पडला नाही. तेवढ्यात नातवानं पुस्तिकेच्या आवाजात सांगितलं की शेजारी याचं एक पिल्लू होतं, ते १९७५-७६च्या हिवाळ्यात पडलं. ही काहीच बोलली नाही. फक्त काच वर केली.

मग एकदाची ती सोपी वाट. विंडोज म्हणतात त्या भागाला. जाऊन-येऊन सगळी मिळून एक मैल, म्हणजे दीड किलोमीटर, त्यात पायऱ्यासुद्धा केलेल्या. अमेरिकेच्या हिशेबानं हे बागेत फिरणं झालं. पण सुरत-पलसाणा पट्टा सपाट. तिथं एकतीस वर्षांत मी चढलेली सर्वांत मोठी चढण म्हणजे हायवेचा ओव्हरब्रिज. त्यात ही जागा दीड हजार मीटर उंचावर. पन्नास पायऱ्यांत माझ्या छातीत पिठाची गिरणी सुरू झाली. एक गोरी बाई बाळ पाठीवर बांधून, दुसरं हाताला धरून, माझ्याकडे बघून हसली आणि पुढं गेली. एक आजोबा दोन काठ्या टेकत गेले. एक कुत्रंही गेलं असतं, पण कुत्र्यांना त्या वाटेवर बंदी आहे. तेवढी एक अब्रू वाचली.

आणि आमची ही? तरुणपणी दोनदा चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडावर पायी गेलेली बाई. साडीवर मुलाचे जुने स्पोर्ट्‌स शूज, डोक्यावर पदर, आणि सगळ्यांच्या पुढं. मधूनच मागं वळून मला म्हणते, "आखो कितलं लांब शे, असं तुम्ही विचारायचं नाही. ते मी विचारायचं."

नॉर्थ विंडोच्या तोंडाशी पोचलो. सूर्य बरोबर मागच्या बाजूला होता. लाल भिंत अंधारी झालेली आणि मधल्या गोलातून उजेडाचा लोट थेट डोळ्यांत. मी खरं सांगतो, माझा उजवा हात आपोआप खिशात गेला. खडू शोधायला.

तिथून डबल आर्च. एकाच बुंध्यातून निघालेल्या दोन कमानी. मोठीचं भोक एकशे बारा फूट उंच, पार्कातलं सर्वांत उंच. १९८९च्या इंडियाना जोन्सच्या सिनेमात सुरुवातीला हीच जागा आहे असं मुलानं सांगितलं. मी मान वर करून 'वा' म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तमे क्यांना?"

पांढरी टोपी, चेक्सचा शर्ट, हातात फरसाणाची पुडी. मी म्हटलं, "पलसाणाना."

"पलसाणा चोकडी? अमे बारडोलीना!"

बारडोली आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी. गृहस्थांचं मोटेल होतं. अमेरिकेतल्या मोटेलधंद्यात आमच्या बाजूच्या पटेलांनी एवढं बस्तान बसवलं आहे की ते नसते तरच मी दचकलो असतो. पुढची वीस मिनिटं एकशे बारा फुटी कमानीकडे पाठ करून आम्ही दोघं, जिथं मुंबई-अहमदाबाद हायवेला धुळ्याचा हायवे मिळतो त्या चोकडीवरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. उसाच्या ट्रका अजून तशाच वेड्यावाकड्या उभ्या राहतात का, असं त्यांनी विचारलं. राहतात म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. जाताना त्यांनी कमानीकडे हात करून विचारलं, "केवुं लाग्युं?" मी म्हटलं, "माल सारो छे, पण सेकंडनो." ते इतके हसले की पुडीतलं फरसाण सांडलं. ते टिपायला एक खार धावली. खारीला खायला घालणं नियमात बसत नाही, म्हणून नातवानं बारडोलीच्या गृहस्थांनाही झापलं.

खरी घटना परतीच्या वाटेवर घडली. विंडोजमध्ये वारा कोंडल्यासारखा वाहतो. हिच्या अंगावर पॉलिएस्टर जॉर्जेट, साडेपाच मीटर, वजन काहीच नाही. वाऱ्यानं पदर उचलला, शीड फुगावं तसा फुगवला आणि नेऊन एका जुनिपरच्या खोडात अडकवला. सूनबाई धावली. पदर सुटला, पण सुटताना टर्रकन आवाज झाला. मी जवळ गेलो, पदर दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरला. रुपयाएवढं भोक.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सेकंडमध्ये गेली."

ही माझ्याकडे पाहत राहिली. मग डोंगराकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"त्याला भोक पडलं तर चार तास गाडी हाकून बघायला आणता. तिकीट काढता. फोटो काढता. आणि माझ्या साडीला पडलं की सेकंड?"

नातवानं पट्टी काढून भोक मोजलं. "पण आजी, तीन फूट नाहीये."

त्यानंतर गाडीत शांतता होती. लँडस्केप आर्च पाहिला तो या शांततेत. तीनशे सहा फूट लांब दगडाची फीत, अंतराळात ताणलेली. १९९१ साली तिच्या पोटातून साठेक फुटांचा तुकडा निसटला, तेव्हापासून खालची वाट बंद आहे. जवळचाच वॉल आर्च २००८मध्ये एका रात्रीत पूर्ण खाली आला. म्हणजे फेंट. पण हे मी मनातच म्हटलं. डेलिकेट आर्च, जो तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असतो, तो आम्ही खालच्या पॉइंटवरून मैलभर लांबून पाहिला, कारण वर जायची वाट 'सोपी' नाही असं मुलानं कबूल केलं. लांबून तो कानातल्या बाळीएवढा दिसतो. थेपले तिथंच संपले. नातवाला बिल्ला मिळाला.

परत आल्यावर मी तीनदा म्हटलं की साडी रफूला टाकू, चोकडीजवळ चांगला कारागीर आहे. ही देत नाही. गेल्या महिन्यात सुरतेत लिंबायतला भाचीचं लग्न होतं, तिथं मुद्दाम तीच नेसली. बायकांना पदर पसरून दाखवत होती, भोकातून बोट आरपार घालून. "हे अमेरिकेचं. तिथल्या तोरणापाशी पडलेलं."

पंगतीत माझ्या शेजारी आमच्या मिलमधला जुना चेकर बसला होता. त्याची नजर एव्हाना त्या पदरावर गेलीच होती. तो माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, वहिनींना साडी सेकंडमधून घेतली का?"

मी मठ्ठ्याला हाक मारली.