मेलेला फ्लेमिंगो पडत नाही

अटलांटाच्या दोन प्राध्यापकांनी, यंग-हुई चँग आणि लीना टिंग यांनी, मेलेले फ्लेमिंगो उभे करून पाहिले. प्राणिसंग्रहालयातून आणलेलं कलेवर एका पायावर तोललं, तर आतून खिट्टी बसावी तसं ते उभं राहतं. दोन पायांवर मात्र डळमळतं. 2017 साली हे ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये छापून आलं. म्हणजे आपण ज्याला बकध्यान समजून कॅमेरे रोखतो, त्यात त्या पक्ष्याच्या स्नायूंना फारसे कष्टच नसतात.

पण परदेशी संशोधकांचा दम एवढाच. नवी मुंबईच्या सीवूड्समध्ये याच पक्ष्यावर कितीतरी मोठा प्रयोग झाला, आणि त्याचं श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही, इतका विनय.

प्रश्न असा होता: पाणपक्षी पाण्यावाचून जगतो का? प्रयोगशाळा म्हणून शाळेमागचा डीपीएस तलाव निवडण्यात आला. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, तलाव आटला. तुलनेसाठी शहरभर चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे बसवलेले होतेच, शिवाय भिंतींवर रंगवलेले वेगळे. एप्रिल 2024 मध्ये निष्कर्ष हाती आला: तलावातले काही पक्षी मेले, पुतळे ठणठणीत. त्याच वर्षी आधी एक उपप्रयोगही होऊन गेला होता. जेट्टीच्या रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर पक्षी आपटले आणि मेले. फ्लेमिंगोंना फलक वाचता येत नाही, हे सिद्ध झालं. ‘फ्लेमिंगो सिटीत आपले स्वागत आहे’ हेही त्यांनी वाचलेलं नसणार.

असल्या संशोधनाला 1991 पासून, अमेरिकेत सुरू झालेलं ‘इग नोबेल’ देतात. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं काम असावं, एवढीच अट. भारतीय तिथे नवखे नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या चित्तरंजन अंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांना 2001 मध्ये किशोरवयीन मुलं नाकात बोटं घालतात हे शोधल्याबद्दल मिळालं (कोणत्याही मराठी आईने फुकट सांगितलं असतं). पुढच्याच वर्षी केरळच्या श्रीकुमार आणि निर्मलन यांना हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ काढण्याबद्दल.

मला मात्र 2003 चे मानकरी जवळचे वाटतात. आजमगढचे लाल बिहारी. नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना सरकारदप्तरी मारून टाकलं होतं. 1975 पासून 1994 पर्यंत हा माणूस चालत-बोलत मृत होता. त्याने नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला, आणि जिवंत असल्याचा पुरावा व्हावा म्हणून 1989 मध्ये थेट राजीव गांधींविरुद्ध अमेठीतून उमेदवारी केली.

सीवूड्सच्या पाणथळींचं दुखणं नेमकं हेच. डोळ्यांसमोर पाणी, पाण्यात पक्षी, पक्ष्यांमागे रविवारी लांबलचक लेन्स लावलेले डॉक्टर आणि बँकवाले. पण नियोजनकर्त्यांचं म्हणणं, ही पाणथळ नव्हेच. एनआरआय संकुलामागे तर गोल्फचं मैदान आणि घरं यायची होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते रोखलं. वाईट एवढंच वाटतं की एक देखणा विनोद वाया गेला. गोल्फच्या मैदानात खेळाडूचा चेंडू बुडावा म्हणून तळी ठेवावी लागतात. देवाने दिलेलं तळं बुजवून तिथे ठेकेदाराकडून तळं खणून घेणं, हा खरा आंतरराष्ट्रीय दर्जाचा विचार होता. लाल बिहारींना निदान निवडणूक लढवता आली. तळ्याला अर्ज भरता येत नाही. अनामत कोण भरणार?

एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलाव संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. म्हणजे तलावाला हयातीचा दाखला मिळाला. पेन्शन कधी सुरू होते ते बघायचं.

तोवर इग नोबेलसाठी आपल्या शहराचं नाव पाठवावं, असं मला फार वाटतं. बक्षिसाची रक्कम घसघशीत आहे: झिम्बाब्वेची दहा लाख कोटी डॉलरची नोट. ते चलन कधीच बाद झालं, तेव्हा ती रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा करायची हे ठरवायला समिती नेमावी लागेल. समितीचा अहवाल येईपर्यंत फ्लेमिंगोंनी कच्छमध्येच थांबावं, ही नम्र सूचना.