ड्रॅगन चालतो, बटाटा चालत नाही

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वाचकांत एक वर्ग असा आढळतो की, ज्याला आग ओकत उडणारा ड्रॅगन सहाशे पाने बिनतक्रार मान्य असतो, मेलेला राजपुत्र तिसऱ्या प्रकरणात उठून बसला तरी ज्याची भुवई हलत नाही, परंतु खानावळीतल्या म्हातारीने वाटसरूच्या ताटात उकडलेला बटाटा वाढताच ज्याचा संयम सुटतो. हा वाचक मग सविस्तर अभिप्राय लिहितो: बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, तो युरोपात पोहोचला सोळाव्या शतकात, आणि कादंबरीतील राज्य तर चिलखते व धनुष्यबाण पाहता त्याच्याही आधीचे, सबब ‘विश्वरचना’ ढासळली, पाचांपैकी दोन तारे. विश्वरचना म्हणजे काल्पनिक जगाचा भूगोल, इतिहास, चलन आणि जादूचे नियम ठरवून ते पाळणे. प्रस्तुत राज्याच्या आकाशात दोन चंद्र आहेत आणि नकाशावर ना युरोप आहे ना अमेरिका. तरीही बटाट्याने मात्र अटलांटिक ओलांडूनच आले पाहिजे, असा दंडक आहे.

या दंडकाला पूर्वाधार म्हणून ‘द हॉबिट’ या कादंबरीचा दाखला देतात. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत थंड कोंबडीच्या जोडीला टोमॅटो होते. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत टोमॅटो गेले आणि लोणचे आले. त्याच जगात तंबाखू आणि बटाटे मात्र सुखाने नांदत राहिले, आणि मुळात ते जग आपल्याच पृथ्वीचा विसरलेला भूतकाळ म्हणून कल्पिलेले असल्याने तेथे टोमॅटोची शंका निदान सुसंगत तरी होती, हा उत्तरार्ध दाखला देणारे सोयीस्करपणे गाळतात.

विज्ञानकथेची, म्हणजे ज्ञात विज्ञानाच्या चौकटीतून कल्पना पुढे नेणाऱ्या कथेची, गोष्ट वेगळी आहे. ‘रिंगवर्ल्ड’ (१९७०) या कादंबरीत ताऱ्याभोवती फिरणारे अवाढव्य कडे आहे. असे कडे स्थिर राहू शकत नाही, हे वाचकांनी गणित मांडून दाखवले आणि पुढच्या भागात त्याला तोल सावरणारी इंजिने बसवावी लागली. ही टीका अभ्यासाची होती. बटाटातज्ज्ञाने गणित केलेले नसते, त्याने एक सनावळी पाहिलेली असते.

मराठी बटाटातज्ज्ञाचे प्रकरण तर याहून गहन आहे, कारण तो हा अभिप्राय बहुधा एकादशीला, साबुदाण्याच्या खिचडीची बशी शेजारी ठेवून लिहितो. त्या बशीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा, वरचे दाण्याचे कूट अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची, बटाट्याच्या फोडी अमेरिकेच्या, आणि सोबत रताळ्याचा कीस असेल तर तोही तिथलाच. पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागण्यापूर्वी यातले काहीही कोणाच्या उपासाला चालत नव्हते, कारण ते नव्हतेच. म्हणजे ज्याच्या प्रत्यक्ष जगात परक्या खंडाचे कंद तीन-चारशे वर्षांत इतके सोवळे झाले की ज्वारीच्या भाकरीने उपास मोडतो आणि बटाट्याने मोडत नाही, तो गृहस्थ काल्पनिक राज्यातील म्हातारीला तिच्या ताटातल्या बटाट्याचा दाखला मागतो, आणि हे करताना आपल्या बशीतली एकही गोष्ट त्याला अद्भुत वाटत नाही! येथे हसू आवरते, कारण त्याच कादंबरीत त्या म्हातारीचे तीन मुलगे राजाच्या शिपायांनी बखोटीला धरून लढाईवर नेलेले असतात, गाव जाळलेले असते, आणि उरलेला तो एक बटाटा ती अनोळखी माणसाला देते. सगळा प्रसंग त्यासाठीच रचलेला असतो. अभिप्रायात त्या मुलांचा शब्द नाही, गावाचा नाही, राजाचा तर नाहीच नाही. याला चिकित्सक वाचन म्हणणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. ही केवळ झडती आहे. वर हेच लोक अद्भुताची आवड मराठीला नवी असल्याचे सांगतात, जणू ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये, या अद्भुतरम्य कादंबऱ्या दुसऱ्याच भाषेत लिहिल्या गेल्या.

वाचकांनी एवढे तरी करावे: ज्या अभिप्रायात कादंबरीतील एकाही माणसाचा उल्लेख येत नाही, त्याच्या भरवशावर पुस्तक घेणे आणि टाळणे, दोन्ही बंद करावे.