बेवारस चिमणी

परदेशात म्हणे लोक प्रवासाला निघताना स्वतः रंगवलेला एखादा गोटा खिशात टाकतात आणि कुठल्या तरी बागेतल्या बाकावर, पुलाच्या कठड्यावर ठेवून चालते होतात. अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर मेगन मर्फी नावाच्या बाईंनी २०१५ साली धीराचे चार शब्द लिहिलेले गोटे असेच ठेवायला सुरुवात केली आणि ते लोण जगभर गेलं. ज्याला सापडेल त्याने न्यावा. वर ना नाव, ना फोटो, ना मोबाइल नंबर. हे ऐकून कुठल्याही अस्सल पिंपरी-चिंचवडकराला पहिला प्रश्न पडतो तो असा, की मग उपयोग काय?

तरी समजा, चाकणच्या एखाद्या कंपनीतल्या वेल्डरने हे मनावर घेतलं. आपल्याकडे गोट्यांपेक्षा नट-बोल्ट मुबलक. दोन वॉशर, एक नट, तारेचे पाय की बोटभर चिमणी तयार. पण ती गेटबाहेर कशी न्यायची? सिक्युरिटीवाला डबा उघडायला लावणार, पिशवी झटकायला लावणार आणि चिमणी दिसली की विचारणार, ‘मटेरियलचा गेटपास?’ वॉशर भंगारातले होते, हे सांगून उलट गुन्हा वाढतो. या पट्ट्यात कंपनीच्या मालापेक्षा कंपनीच्या भंगाराला मान जास्त आणि त्या ठेक्यासाठी डोकी फुटलेली आहेत. वेल्डरने दोन वॉशर परस्पर हलवले म्हणजे थेट ठेका घेणाऱ्या भाऊंच्या पोटावर पाय. त्यापेक्षा भोसरीतल्या दुकानातून पदरच्या पैशाने वॉशर घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी.

चिमणी घडवायला वेगळा वेळ काढायची गरज नाही. तळेगाव चौकातल्या कोंडीत कंपनीची बस उभी असते तेवढ्यात चिमणीच काय, तिचं घरटं आणि पिल्लंही होतील.

ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न. ६ मार्च २०२२ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली आणि आपण आधुनिक झालो, म्हणजे सीटवरच्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघायला शिकलो. तिथे चिमणी ठेवली तर ती बेवारस वस्तू. आधी शेजारचे प्रवासी उठतील, मग शिट्टी वाजेल, मग श्वानपथक. पंचनाम्यात ‘लोखंडी, चोच असलेली, उद्देश अज्ञात’ अशी नोंद होईल. कुणी काही मागणी न करता काहीतरी ठेवून गेलं, यापेक्षा भयंकर कट कुठला?

बरं, चौकातल्या खांबाला तारेने बांधावी, तर मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा १९९५चा राज्याचा कायदा आहे. दंड आहे, तुरुंगवासही आहे. कायदा चांगला कडक आहे आणि तीन इंचांपर्यंतच्या वस्तूंना तो हमखास लागू पडत असावा. त्याच खांबावर फ्लेक्सवरचे वीस फुटी दादा हात जोडून उभे असतात. त्यांच्या खाली शुभेच्छुकांचे पन्नास गोल चेहरे, दाटीवाटीने, दहीहंडीच्या थरांसारखे. तिथे विद्रूपीकरण होत नाही, तिथे वाढदिवस होतो. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि ‘भावी नगरसेवक’ हे शहरातलं सर्वांत टिकाऊ पद ठरलं. काहींच्या तर भावीपणाचीच वर्षं भरत आली.

१७ एप्रिल २०२३ला किवळ्यात वादळी पावसात होर्डिंग कोसळलं. आडोशाला थांबलेली पाच माणसं त्याखाली गेली. होर्डिंग बेकायदा होतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा फलकांबाबत २०१७ सालीच सविस्तर आदेश दिले होते. किवळ्यानंतर काही दिवस शहरात आकाश दिसत होतं. मग पुन्हा वाढदिवस आले.

नाव न लावता रस्त्यावर काही ठेवून जायची रीत आपल्याकडे नाही असं मात्र म्हणवत नाही. ती केप कॉडच्या कितीतरी आधीची आहे. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला येते, तेव्हा बायका-मुली भर रस्त्यात वाकून रांगोळीच्या पायघड्या घालतात. पाठ मोडेपर्यंत खपायचं आणि पहिल्या दिंडीच्या पायांखाली सगळं पुसू द्यायचं. काढणारीचं नाव कुणी विचारत नाही आणि तीही सांगायला थांबत नाही. त्याच रांगोळीच्या डोक्यावर ‘वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत’ हा फ्लेक्स असतो. त्यात विठोबा कोपऱ्यात, पासपोर्ट आकाराचा आणि भाऊ मधोमध, पूर्ण उंचीचे. पावसाच्या सरीने उरलीसुरली रांगोळी वाहून जाते, भाऊ धुऊन आणखी उजळतात.

तेव्हा वेल्डरने रीतसर अर्ज करावा हेच बरं. उंची, वजन, साहित्य हे रकाने तो भरेल. ‘संकल्पना’ या रकान्यापाशी अडेल. साहेब सल्ला देतील, ‘अहो, तिथे भाऊंचं नाव घाला, लगेच मार्गी लागतंय.’ आणि एकदा नाव लागलं की तीन इंचांची चिमणी भाऊंना शोभणार कशी? तीस फुटी होईल, स्टेनलेस स्टीलची. टेंडर निघेल, खर्चाला सुधारित मान्यता मिळेल, कारंजंही येईल. वेल्डिंग पोटठेकेदाराकडे जाईल आणि त्याला माणसं कमी पडली की तो याच वेल्डरला रोजंदारीवर बोलावेल. लोकार्पणाच्या दिवशी बंदोबस्तामुळे चौक सकाळपासून बंद राहील. वेल्डरची त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असेल. त्याला आंबेठाण चौकातून वळसा घालून जावं लागेल आणि लेट मार्क लागेल.