फुकट्यांचा सुवर्णकाळ

नव्वदच्या दशकातली दोस्ती किती निरागस होती, हे सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. शनिवारी टोळकं मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाउस या संगीताच्या दुकानात शिरायचं, बूथमध्ये उभं राहून फुकट गाणी ऐकायचं, आणि विकत काय घ्यायचं? तर गल्लीतल्या दुकानातून साठ मिनिटांची कोरी कॅसेट. दुकानदाराला यादी दिली की ‘आशिकी’पासून ‘रोजा’पर्यंत सगळं एकाच फितीत भरून मिळे. एका बाजूला जेमतेम तीस मिनिटं, त्यामुळे शेवटचं गाणं अंतऱ्यातच गचके. आमच्या पिढीला कित्येक गाणी अजूनही तेवढीच येतात. मग ती कॅसेट मित्रांत फिरे आणि आतडं बाहेर काढून परत येई. बसा पेन्सिल घालून गुंडाळत. कायद्याने ही सरळसरळ पायरसी. पण आपली ती रसिकता, आजच्या पोरांनी तेच केलं की फुकटेगिरी! २०१६ मध्ये रिदम हाउस बंद झालं, तेव्हा हेच रसिक ‘संस्कृती संपली’ म्हणून हळहळले. तिथून शेवटचं काय विकत घेतलं होतंत, असं कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं.