रवानगीचा हुकूम

मालवण तालुक्यातील आचरा येथे दर चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला, की समस्त ग्रामस्थ गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर तीन दिवस, तीन रात्री वस्तीस जातात आणि पुन्हा कौल मिळाल्याखेरीज परतत नाहीत; हीच ती गावपळण. आणि एवढ्या प्रचंड स्थलांतराला एकही जावक क्रमांक पडत नाही! उलट, अभय भूषण या भारतीय अभियंत्याने १९७१ साली फाइल पाठविण्याची पहिली नियमावली लिहिली त्यास अर्धशतक लोटले, तरी आमच्या कचेऱ्यांत फाइल अद्याप पेनड्राइव्हात बसून, शिपायाच्या खिशातूनच प्रवास करते.

वास्तविक टर्मिनलच्या काळ्या पटलावर फाइली दुसरीकडे उतरविणाऱ्या आरसिंकचा एक-ओळी हुकूम लिहून तो ठरल्या वेळी हुकूम बजावणाऱ्या क्रॉनच्या स्वाधीन केला असता, साहेब आणि शिपाई दोघेही निद्राधीन असताना, बदललेला तेवढाच मजकूर निमूटपणे रवाना होतो; परंतु हे निमूटपणच कचेरीची खरी अडचण होय, कारण ज्या कामाचा गाजावाजा नाही, त्याचा भत्ता मागावा कसा?

अर्थात यंत्राची आज्ञाधारकता निर्धोक नव्हे. 'मुळात जे नाही ते तिकडचेही पुसावे' अशी पुस्ती या हुकुमास जोडता येते. ती जोडणाऱ्या एखाद्या उत्साही बाबूच्या हाती आचऱ्याचे दफ्तर असते, तर गावपळणीच्या पहिल्याच मध्यरात्री उगमस्थान रिकामे पाहून त्याने तालुक्याच्या नोंदींतूनही गाव नाहीसे केले असते. हुकुमातच 'ड्राय रन' म्हटले, की काय हलेल आणि काय पुसले जाईल, हे यंत्र आधीच सांगते. पण निघण्यापूर्वी विचारण्याची ही तसदी रामेश्वराचे मानकरी घेतात, संगणक विभाग घेत नाही.